कतारात तपासलेलं गाऱ्हाणं

मी कतारला गेलो तो फुटबॉल बघायला नव्हे. वर्ल्ड कपला तेव्हा अजून बराच अवकाश होता, आणि चालू असता तरी मी गेलो नसतो. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात त्यात बघण्यासारखं काय असतं, हे मला अजून कोणी समजावू शकलेलं नाही. मी गेलो ते गाऱ्हाण्याच्या कामाला. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, तिकडे काय बघितलंत. तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ ज्याला सुधारायचं त्याने सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगतो, कारण घाटावरच्या माणसांना ते ठाऊक नसतं. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. शिमग्यात पालखी बाहेर पडते तेव्हा एक माणूस हातात नारळ धरून देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने बोलतो. चुकलंमाकलं पदरात घे, गुरांना सांभाळ, आंब्याचा मोहोर टिकू दे. त्याचं एक वाक्य झालं की मागे उभा असलेला गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. परत वाक्य, परत ‘व्हय म्हाराजा’. हा मान आमच्या घराकडे आहे. आजोबा घालत, मग वडील, वडिलांमागे मी. धंद्याने मी गवंडी. गावातली निम्मी चिऱ्याची घरं माझ्या हातची आहेत. पण गावात मला ओळखतात ते गाऱ्हाण्यामुळे.

मागच्या साली शिमग्यात मी रत्नागिरीला इस्पितळात होतो, नाकात नळी. रोगाची साथ असल्यामुळे पालखीही देवळाबाहेर पडली नाही. मोजक्या माणसांत गाऱ्हाणं घातलं ते माझ्या धाकट्या भावाने, भिकाने. त्याच्या पोराने ते फोनवर भरून मला पाठवलं. मी पडल्या पडल्या ऐकलं. भिकाने वेशीवाल्याच्या आधी खाडीवाल्याचं नाव घेतलं होतं. हे दोघे आमच्या गावचे राखणदार देव, एक वेशीवरचा, एक खाडीवरचा. आधी वेस, मग खाडी, हे आजोबांपासूनचं. पुढेही कुठेतरी त्याने काहीतरी घुसवलं होतं, पण खोकल्यात ते मला धड ऐकू आलं नाही. बरा होऊन घरी आलो तेव्हापासून आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतो.

यंदा शिमगा पूर्वीसारखा होणार म्हटल्यावर मानकरी जमले. त्यांचं म्हणणं, दोघांचं गाऱ्हाणं एकच आहे, कोणीही घाला, आणि भांडणार असाल तर भिका घालील, त्याचा दम शाबूत आहे. मी म्हटलं, एक नाही. ते म्हणाले, मग फरक दाखवा. आता फरक दाखवायचा कसा? ऐकणाऱ्याच्या कानात राहतं ते ‘व्हय म्हाराजा’.

माझी मुलगी वैशाली दोह्याला असते, कंप्युटरच्या कामात. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, दोन मजकुरांत फरक काय ते काढायचं हेच तर माझं दिवसभराचं काम, तुम्ही इकडे या. शिमग्याच्या आत परत पाठवायचं, या बोलीवर मी विमानात बसलो.

अल मन्सूरा

वैशालीचं घर दोह्यात अल मन्सूरा नावाच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, खाली खानावळी आणि वाणी सगळे आपल्याकडचे. आमच्यातली जुनी माणसं मुलीच्या घरचं पाणी पीत नसत. मी प्यालो. विमानातलं जेवण खारट होतं.

पहिल्या दिवशी तिने गाडीतून शहर दाखवलं. जिकडे तिकडे फुटबॉलची चित्रं, झेंडे, खणलेले रस्ते, निळ्या कपड्यांतले कामगार. समुद्रालगत एक घड्याळ उभं केलं होतं, ते उलटं चालत होतं. वर्ल्ड कपला किती वेळ उरला ते सांगत होतं. मी गवंड्याच्या नजरेने बघत होतो. एवढं बांधकाम, पण एकाही भिंतीचा दगड दिसेना, सगळी काच. एक मैदान तर जहाजावरच्या लोखंडी खोक्यांचं केलेलं. वैशाली म्हणाली, खेळ संपला की हे सोडवून घेऊन जाणार. सोडवायचं होतं तर बांधलं कशाला, हे मी विचारलं. तिने दिलेलं उत्तर माझ्या ध्यानात राहिलं नाही.

घराखालच्या दुकानात दाऊदभाई भेटले. आमच्याच खाडीच्या पलीकडल्या तोंडाचे, तिकडे तीस वर्षं काढलेले. मी कोकमं मागितली तसे मान वर करून बघू लागले.

“कवा आयलाव?” म्हणाले.

त्या एका शब्दावर माझा अर्धा शीण गेला. त्यांनी मला करक पाजला. करक म्हणजे वेलची घालून आटवलेला दाट चहा, आपल्या चहाचा श्रीमंत भाऊ. कोणत्या कामाला आलात विचारलं, तेव्हा मी गाऱ्हाण्याचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, लहानपणी पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबायची तेव्हा आम्ही पोरंपण ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचो, बापूस मारायचा नाय. मी विचारलं, इकडे मग काय म्हणता? तर म्हणाले, इकडे इन्शाल्ला.

ते खरं निघालं. इकडे कोणालाही काही विचारा, उत्तराला इन्शाल्ला जोडलेलं. नळ कधी दुरुस्त होणार, इन्शाल्ला उद्या. टॅक्सी पोचेल का वेळेवर, इन्शाल्ला. शब्द तोच, पण नळवाल्याचा इन्शाल्ला म्हणजे येणार नाही आणि दाऊदभाईंचा इन्शाल्ला म्हणजे बांगडे सकाळी ताजे मिळतील. हे कशावरून ओळखायचं ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

मग मेट्रोचा प्रकार झाला. वैशाली कामावर गेली की मी घरात एकटा. एक दिवस एकटाच समुद्रावर जाऊन यायचं ठरवलं. ती नको म्हणत होती, म्हणून गेलो. जाताना आमच्या स्टेशनाची खूण धरून ठेवली: सरकत्या जिन्याजवळ भिंतीवर मोठं डाळिंबी रंगाचं चित्र, त्यात फुटबॉल. जाणं नीट झालं. येताना गाडीच्या काचेतून ते चित्र दिसलं, उतरलो. वर आलो तर ना दाऊदभाईंचं दुकान, ना खानावळ. परत खाली गेलो, परत गाडी, परत तेच चित्र. उतरलो. हाही मुलूख निराळा. मी हरवलो नव्हतो, एवढंच की घर सापडत नव्हतं. शेवटी तिथल्या एका आफ्रिकेच्या बाईने माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन लावला आणि मला पाणी दिलं. वैशाली काम टाकून आली. रागावेल असं वाटलं होतं, ती तर हसतच सुटली.

“बाबा, जी खूण सगळीकडे आहे ती खूणच नव्हे,” म्हणाली. “जी एकाच ठिकाणी असते ती धरायची. माझं मशीन पण नेमकं असंच चुकीच्या स्टेशनवर उतरतं.”

त्या संध्याकाळी तिने मला तिचं काम दाखवलं. मेट्रोतून उतरलेल्या माणसांना मैदानाकडे नेणाऱ्या ज्या उजेडाच्या पाट्या बसवणार होते, त्यांच्या मागे एक लिहिलेला प्रोग्राम असतो. तो दोन ऑफिसांनी आपापल्या परीने बदलला होता, एक दोह्याच्या आणि एक पुण्याच्या. दोन्हींचं एक करणं हे हिच्याकडे. पडद्याच्या डाव्या अंगाला एक मजकूर, उजव्या अंगाला दुसरा. अक्षर सगळं इंग्रजी. पण मधूनमधून एका ओळीत फक्त मिशीसारखं एक चिन्ह दिसत होतं, बाकी काही नाही. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हा कंस. प्रोग्रामात प्रत्येक कामाची जणू एक खोली असते, खोली संपली की हा कंस, म्हणजे दाराची कडी. अशा कड्या शेकडो, सगळ्या हुबेहूब. मशीनला सांगितलेलं असतं की जास्तीत जास्त ओळी जुळव. मग ते ह्या खोलीची कडी त्या खोलीच्या कडीला जुळवतं आणि मधली भिंत पडली म्हणून ओरडतं. भिंत पडलेली नसतेच.

मी मान हलवली. कळलं म्हणून नव्हे, ती दमली होती म्हणून.

लाल

मग माझं काम. स्वयंपाकघरात उभं राहून मी गाऱ्हाणं घातलं, हातात नारळाच्या जागी कांदा. दुसरं काही गोल नव्हतं. वैशाली ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेली. तिने माझंही टाइप केलं आणि भिकाचंही, एक वाक्य एका ओळीत, खाली ‘व्हय म्हाराजा’ दुसऱ्या ओळीत. आणि बटण दाबलं.

डावीकडे मी, उजवीकडे भिका. मी बघतो तर माझ्या बाजूला लालच लाल आणि भिकाच्या बाजूला हिरवं.

मास्तर वहीत लाल शाईने काय करायचे हे चौथीपर्यंत शिकलेल्यालाही ठाऊक असतं. मी उठून गॅलरीत गेलो. त्या रात्री जेवलो नाही असं नाही, पण आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही. वैशालीने परोपरीने सांगितलं की लाल म्हणजे चूक नव्हे. जी ओळ डावीकडे आहे आणि उजवीकडे सापडत नाही ती लाल, जी फक्त उजवीकडे आहे ती हिरवी. मी ऐकेना तेव्हा तिने आम्हा दोघांच्या जागा बदलल्या. आता मी हिरवा आणि भिका लाल.

ते बघून तर मी जास्तच बुचकळ्यात पडलो. घटकेपूर्वी चुकलेला माणूस जागा बदलून बसल्यावर बरोबर ठरतो, असला पंच आमच्या गावात कोणी ठेवला नसता.

शिवाय लाल-हिरवं एवढं का? भिकाने दोन-तीन ठिकाणी घाण केली असेल, सगळीकडे कशी? तर म्हणे तेच, मेट्रोचं. अर्ध्या ओळी ‘व्हय म्हाराजा’. माझ्या आंब्यामागचं ‘व्हय’ मशीनने भिकाच्या गुरांमागच्या ‘व्हय’ला नेऊन जुळवलं होतं आणि मधली सगळी वाक्यं उपरी ठरवली होती. यावर एक दुसरी पद्धत आहे, ती म्हणाली, तिला धीराची पद्धत म्हणतात. त्यात आधी फक्त अशा ओळी शोधायच्या की ज्या दोन्हीकडे आहेत, पण दोन्हीकडे एकेकदाच. त्या खुंट्या. डावीकडच्या खुंटीपासून उजवीकडच्या तिच्या जोडीदार खुंटीला दोरा बांधायचा. दोरे एकमेकांना ओलांडून गेलेले चालत नाहीत. ओलांडत असतील तर न ओलांडणारे जास्तीत जास्त ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे. मग दोन खुंट्यांच्या मधे काय आहे ते बघायचं.

“आणि ‘व्हय म्हाराजा’?” मी विचारलं.

“ते आधी बाजूला ठेवायचं. खुंट्या बसल्या की आपोआप जागेवर येतं.”

मी म्हटलं, भिंत उभी राहते ती सारख्या चिऱ्यांवर, चौकटीवर नाही. ती म्हणाली, पण भिंतीतली जागा सांगायची झाली तर तुम्ही चौकटीपासूनच सांगता ना. दोघांचंही बरोबर असेल तर मग वाद कसला, हे मी अजून धरून बसलो आहे.

ती पद्धत लगेच लावता आली नाही, कारण मी बोलत असताना कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या आणि दोन वाक्यं तिला नीट लागेनात. म्हणाली, शुक्रवारी दुखानला शांतपणे परत भरू.

दुखान

जावई, नितीनराव, मूळचे नाशिकचे, तेलाच्या कामात. त्यांची कंपनीची वसाहत दुखानला, पश्चिमेच्या अंगाला. ते आठवडाभर तिकडे, ही इकडे. मेट्रो तिथवर जात नाही, गाडीनेच जावं लागतं. वाटेत ना झाड, ना चढ, ना वळण. आमच्याकडे वळण नसलेला रस्ता म्हणजे घराचं अंगण. वळणाने गाडी लागते सगळ्यांना, मला सरळ रस्त्याने लागली.

नितीनरावांनी स्वतःच्या हाताने मिसळ केली होती. तिखट चांगली होती, मटकी कच्ची होती. मी दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, “मटकीचं तुमच्या लेकीला सांगू नका, भिजवली तिने आहे.” माणूस बरा आहे.

संध्याकाळी तिथल्या समुद्रावर गेलो आणि माझा जीव थंडावला. सांगायचं राहिलं, दोह्यात सूर्य समुद्रातून उगवतो. माझ्या आयुष्यात सूर्य समुद्रात बुडतो. त्यामुळे इतके दिवस समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की मला काहीतरी उलटं घातल्यासारखं वाटायचं. दुखानला सूर्य बुडाला. तिथेच मी गाऱ्हाणं परत घातलं. नितीनराव मागे उभे राहून ‘होय महाराज’ म्हणू लागले.

“म्हाराजा म्हणा,” मी म्हटलं. “महाराज आपण कीर्तनकाराला म्हणतो.”

त्यांनी ‘व्हय महाराजा’ पर्यंत मजल मारली. घाटावरच्या माणसाकडून त्याहून जास्त होत नाही.

रात्री वैशालीने आधी माझंच पहिलं आणि माझंच दुसरं समोरासमोर ठेवलं, शिट्टीतली वाक्यं भरून काढायला. आणि पडद्याला नाक लावून बघत बसली. मी विचारलं, काय झालं? तिने पडदा माझ्याकडे वळवला. दोरा ओलांडला होता. स्वयंपाकघरात मी आधी वेशीवाला घेतला होता, मग खाडीवाला. दुखानला आधी खाडीवाला.

मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिने भरलेला आवाज लावला. आवाज माझाच होता. मी म्हटलं, समोर पाणी होतं म्हणून तोंडी पाणी आधी आलं. नितीनराव ताटं उचलून आत निघून गेले, हसू आलं असावं. मग मी विचारलं, ह्या दोघांतला हलला कोण, वेशीवाला की खाडीवाला? वैशाली म्हणाली, मशीन एकाला जागेवर धरतं आणि दुसरा हलला म्हणतं. कोणाला धरायचं हे त्याचं त्याच्यावर. दोन्ही बरोबर. म्हणजे देव हलले की नाहीत हेही नक्की नाही. मी झोपायला गेलो.

समैस्मा

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघेच समैस्माला गेलो. दोह्याच्या उत्तरेला समुद्रावरचं गाव आहे, बंगल्यांचं. तिथे पाणी उथळ, आणि थोडी तिवरं वाढलेली दिसली. आमच्या खाडीत असतात तीच. मी पान तोडून चावलं, तसंच खारट लागलं. वैशालीने वाळूवर चटई टाकली, दाऊदभाईंकडचे घावणे काढले आणि मांडीवर कंप्युटर घेतला. धीराच्या पद्धतीने आता भिका आणि मी समोरासमोर होतो.

जवळजवळ सगळं पांढरं होतं. इतके दिवस लाल-हिरवं बघून डोळे सरावले होते, मला ते सुनं वाटलं. वेशीवाला आणि खाडीवाला उलटे, ते तर माहीतच होतं. तिने ते पटकन वर सरकवलं. आणि खाली एक ओळ रंगलेली. डावीकडे माझी, आमच्या बोलीत ‘गेलो’ म्हणजे ‘तो गेला’:

जो पोटासाठी गाव सोडून गेलो, त्येची राखण कर.

उजवीकडे भिकाची:

जो पोटासाठी गाव सोडून गेलो, जी गेली, त्येंची राखण कर.

त्यातलं ‘जी गेली’ गडद हिरवं होतं. मला इस्पितळात ऐकू न आलेलं ते हे.

“बघितलंत?” वैशाली म्हणाली.

मी म्हटलं, “शब्द वाढवलाय त्याने. हेच मी सगळ्यांना सांगत होतो.”

“कोणता वाढवलाय?”

“तू वाचलास की.”

“काकांनी मला गाऱ्हाण्यात घेतलंय, बाबा. आपल्या गावातून ह्या बाजूला आलेली मी एकटी आहे. तुमच्यात मी कुठे आहे?”

“तू ‘जो’मध्येच आलीस. ‘जो’ म्हणजे सगळेच. आजोबांपासून तसंच आहे.”

“मशीनला तसं वाटत नाही.”

“मशीनला काय कळतं.”

“मग मला विचारा,” ती म्हणाली. “मलाही तसं वाटत नाही.”

सूर्य समुद्रातून हातभर वर आला होता, चुकीच्या बाजूने. तिने घावणा माझ्यापुढे सरकवला, स्वतः घेतला नाही. परतताना ती बोलली, पण कामापुरतं. एसी वाढवू का, पाणी हवंय का. गाडीत मी मनातल्या मनात ती ओळ म्हणून बघत होतो. वडिलांच्या वेळी गावातून मुंबईला जायचे ते बाप्येच. बाया कुठे जात होत्या? तेव्हा वडिलांचं बरोबर. मग भिकाचं चूक कसं, आणि भिकाचं बरोबर असेल तर मी एक वर्ष भावाशी बोललो नाही ते कशासाठी? गाडीत बसून ह्याचा हिशेब लागेना. तो रस्ताही सरळच होता.

पुढचे दिवस बरे गेले. तिचं ऑफिसचं काम उरकलं, दोन्ही प्रोग्रामांचा एक झाला, पाट्या दाखवायच्या तिकडचा रस्ता दाखवू लागल्या. दाऊदभाईंनी गावच्या नाक्यावर दाखवायला म्हणून खजुराचा डबा दिला. विमानतळावर वैशाली म्हणाली, गाऱ्हाणं कोणीही घालू दे, भरून पाठवा.

मी म्हटलं, “इन्शाल्ला.”

समैस्मानंतर ती तेव्हा पहिल्यांदा हसली. म्हणाली, “दाऊदकाकांचा की नळवाल्याचा?”

मी पिशवी उचलली. पुढे रांग सरकली होती.

गावी

मानकऱ्यांनी विचारलं, मशीन काय म्हणतं? मी सांगितलं, दोन फरक आहेत. एका ठिकाणी उलटापालट आणि एका ठिकाणी शब्द वाढवलेला. दुखानचं सांगितलं नाही, ते कोणी विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी विमानाने गेलात का, म्हणून सगळे हसले. भिका खांबाला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, “दादाच घालील. मान दादाचाच आसा. मी गेल्या साली उभो ऱ्हवलो तो दादा गावात नव्हतो म्हणून.”

पालखी मांडावर, गाव जमतो त्या मोकळ्या जागेवर, आली. ढोल थांबले. दोन सालांनी सगळा गाव असा एका जागी उभा होता, मुंबईचेही आले होते. मी नारळ धरला. खरा नारळ, कांदा नव्हे. सुरुवात केली आणि पहिल्या ‘व्हय म्हाराजा’ला पाठीवर लाट आदळावी तसं झालं. कतारात मशीनने बाजूला काढून ठेवलेलं ते हेच, हे त्याही वेळी मनात आलं.

वाक्यं येत गेली. मग ती ओळ आली.

“जो पोटासाठी गाव सोडून गेलो, त्येची राखण कर.”

“व्हय म्हाराजा.”

माझी ओळ वडिलांनी दिली तशी, अक्षर न बदलता. पुढचं वाक्य आंब्याच्या मोहोराचं. गाव त्याच्यासाठी श्वास घेऊन तयार होता. मी मोहोराला तोंड उघडलं आणि निघालं ते निराळंच.

“जी गेली, तिचीय राखण कर.”

मागे शांतता. ही ओळ गावाच्या कानाला नवी होती, इथे म्हणायचं की नाही हे कोणाला कळेना. आणि डाव्या अंगाने, मागून, एकच आवाज आला.

“व्हय म्हाराजा.”

भिकाचा. मी वळून बघितलं नाही. गाऱ्हाणं घालताना मागे बघायचं नसतं.

मी भिकाची ओळ घेतलेली नाही, हे इथे लिहून ठेवतो. आणि माझी बदललेलीही नाही. माझी आणि मोहोराची, ह्या दोहोंच्या मधे एक घातली आहे. चालू भिंतीत जास्तीचा थर लावला तर खालचा चिरा हलत नाही, हे कोणीही गवंडी सांगेल. भिकाच्या पोराने सगळं भरून घेतलं होतं, ते मी वैशालीला पाठवायला लावलं. आज भिका आमच्याकडे जेवायला होता. खजूर त्याला फार गोड लागला, तरी त्याने तीन खाल्ले.

ताटावर बसलो असताना वैशालीचा निरोप आला. चष्मा लावून वाचला. लिहिलं होतं: ‘स्वयंपाकघरातल्याशी जुळवून बघितलं. वेशीवाला आणि खाडीवाला परत उलटे झालेत, बाबा. ते सोडलं तर लाल काही नाही. हिरव्या दोन ओळी. पहिली मी किती वेळा ऐकली ते विचारू नका. दुसरी नुसतं व्हय म्हाराजा आहे, ती धरायची नसते.’

मी हात धुतले आणि एका बोटाने लिहून कळवलं: ती धर.